दोरा दिसावा

होटगी रोडवरच्या कलशेट्टींच्या दुकानात
अम्मानं चपला बाहेर काढल्या.
'राहू द्या ओ मावशी,' ते म्हणेपर्यंत
ती उतरली होती नमुन्यांवर,
डावं पाऊल एका चौकोनावर, उजवं दुसऱ्यावर,
आणि थांबली,
कुणाचा ताप बघावा तशी.

मी घरूनच ठरवून आले होते.
पतसंस्थेचं कर्ज मंजूर, मोबाइलमध्ये अकरा फोटो,
दोन बाय दोनची, पांढरी, चकचकीत,
ट्यूबलाइट खाली सांडल्यासारखी दिसेल अशी.
विडी घरकुलातल्या आमच्या दोन खोल्या
त्या उजेडात मोठ्या वाटतील, असा हिशेब.

कलशेट्टी म्हणाले, मोरबीचा माल, डाग धरत नाही,
'पाण्याचा थेंब पीत नाही बघा ही फरशी.'
बाटलीतलं पाणी ओतूनही दाखवलं.
ते तसंच राहिलं फरशीवर,
'बसा' न म्हटलेल्या पाहुण्यासारखं.

अम्मा म्हणाली,
'मग मे महिन्यात काय करते ही?'

त्यांना कळलं नाही. मला कळलं,
पण मी कॅटलॉगचं पान उलटलं.

मग ती सरळ खालीच बसली, दुकानात,
पाय लांब करून, पाठ भिंतीला,
मांडीवर नसलेलं सूप, हातात नसलेली कात्री,
अडतीस वर्षं रोज हजार विड्या वळताना बसली तशी.
बोटं आपोआप हलली. पान, तंबाखू, गुंडाळी, दोरा.
एक बाई बाथरूमचे नळ बघत होती, ती वळून बघायला लागली.
मला लाज वाटली. हे इथं लिहून ठेवते.

'पांढरी नको,' अम्मा म्हणाली. 'तंबाखू सांडली की घर घाण दिसतं.'
'मग ही काळी घ्या की, ग्रॅनाइट फिनिश.'
'काळीवर धूळ बसते.'
'लाकडासारखी?'
'लाकूड पाहिजे तर लाकूडच आणीन.'
'मावशी, नेमकं पाहिजे तरी काय?'
'तंबाखू दिसू नये. दोरा दिसावा.
आता डोळे पहिल्यासारखे नाहीत.'

कलशेट्टी बराच वेळ गप्प होते.
मग त्यांनी पोराला मागच्या गोदामात पिटाळलं.
आली एक धुळकट पेटी, बंद झालेला माल,
तीन वर्षांत कुणी हात लावला नव्हता असा रंग:
वाळलेल्या जर्द्याचा, किंचित खरबरीत.
'अकराच पेट्या आहेत. एखादी फुटली तर परत मिळणार नाही.'
अम्मानं पदराच्या काठाचा धागा तोडून टाकला त्यावर.
दिसला.
मलासुद्धा दिसला, दारातून.

अकरा पेट्यांत फक्त पुढची खोली झाली.
बाशाभाई मिस्त्री स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले,
म्हणाले, आतली शहाबादी उखडू का, मागवा दुसरी काही,
लेव्हल नीट लागेल, नाहीतर अर्ध्या इंचाची पायरी राहील.
पैसे संपले होते. पायरी राहिली.
येणारा जाणारा तिथं ठेचकाळतो
आणि मी प्रत्येकाला सांगते, काम अर्धवट आहे, दिवाळीत करणार.

आता मे.
पुढच्या खोलीत अम्मा दिवसभर बसते,
पंचवीसचा कट्टा बांधताना आकडे तेलुगूतच मोजते,
तुटलेला दोरा चिमटीत उचलते, चष्म्याशिवाय.
फरशी पसंत आहे तिला. पाहुण्यांना किंमतही सांगते, थोडी वाढवून.

काल रात्री दोनला लाइट गेली.
पंखा थांबला तशी मी उठले, पाणी प्यायला गेले,
पायरीवर ठेच लागलीच.
आत अंधारात अम्मा
तांब्यातून ओंजळीनं पाणी शिंपडत होती जुन्या शहाबादीवर,
कडप्प्याखालच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत.
काही बोलली नाही. थोडी सरकली.

मी टेकले तेव्हा
ओल कुठंच नव्हती.
फरशीनं पाणी पिऊन टाकलं होतं,
पाठीला नुसता गारवा लागत होता.