मैलाचा खांब, दोनशे अकरा

बदाम उरकले, चेरी उरकली,
चारशे आठ पेट्या जाळीखाली आवळून
कॅलिफोर्नियातून मी घरी निघालो, नॉर्थ डकोटाला.
माश्या नेताना नियम एकच: थांबायचं नाही.
चाकं फिरतात तोवर वारा लागतो, त्या गप्प असतात.
थांबलात की पेटी तापते
आणि आतून आवाज चढत जातो,
पातेल्यात दूध वर यावं तसा.

हे मी डेप्युटी पचेकोला सांगितलं
काच बोटभर खाली करून.
पासष्टच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तर.
नेवाडा, दुपारचे सव्वादोन, सावली म्हणजे त्याची टोपी तेवढी.
तो म्हणाला, लायसन्स.
मी म्हटलं, जरा लवकर लिहा.
तो म्हणाला, घाई होती म्हणूनच तर थांबवलं.
तेवढ्यात पहिली त्याच्या वहीवर बसली.
दुसरी कानाच्या पाळीवर.
माझं आडनाव टॉर्स्टेनसन. स्पेलिंग विचारायला तो थांबला नाही.
पिवळा कागद फटीतून आत आला
आणि कायदा पाठमोरा पळाला
शर्ट झाडत.
मी हसलो नाही.
सात मैल गेल्यावर हसलो.

घरी तो कागद फ्रिजवर लावला, ट्रॅक्टरच्या लोहचुंबकाखाली.
नऊ दिवस तिथंच. दूध घ्यायला गेलो की दिसायचा.
मागे तीन चौकोन:
गुन्हा कबूल. गुन्हा नाकबूल. वाद नाही.
दंड दोनशे पंधरा डॉलर,
नाहीतर हजर राहा, अकरा जून, सकाळी नऊ,
क्वार्ट्झ वेल्स न्यायालय, पोस्टाच्या मागे.
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये;
ही पायरी तर अकराशे मैलांवर,
आणि अकरा जूनला इथं क्लोव्हर फुलतं.

मार्ता म्हणाली, बाबा, भरा आणि विसरा.
शेजारचा ग्लेन म्हणाला, वकील लाव,
पॉइंट मागून येतात, विमा वाढतो,
त्याच्या मेहुण्याचा वाढला होता.
मेहुण्याबद्दल तो अर्धा तास बोलला.

मी फोन केला. सात वेळा वाजला.
मिसेस एचेव्हेरी, कोर्टाच्या कारकून,
बोलता बोलता कागदांना टाचण्या मारणाऱ्या.
मी म्हटलं, बाई, वेग खरा, तो नाकारत नाही,
पण कारण लिहायला जागा कुठं आहे?
जागा नाही, त्या म्हणाल्या.
मग टाचणी थांबली.
तुम्हीच का ते माश्यावाले?

पचेकोचा कान चार दिवस बटाट्याएवढा होता म्हणे.
आणि तुम्ही गेल्यावर मैलाच्या खांबावर, दोनशे अकरा,
एक घोस लटकत राहिला,
कोटाच्या बाहीएवढा.
शाळेची बस तिथं हळू व्हायची.
सगळेच हळू व्हायचे, जे दंडानं कधी झाले नव्हते.
तिसऱ्या दिवशी माझे सासरे गेले,
वय ब्याऐंशी, जन्म मेंढ्यांमागे गेलेला,
संत्र्यांचा रिकामा खोका घेऊन.
धूर नाही, हातमोजे नाहीत,
डोक्यावरच्या बेरेटनं त्यांनी तो घोस आत लोटला
पोळपाटावरचं पीठ लोटावं तसा.
आता संध्याकाळी खोक्याशेजारी बसून बास्कमध्ये बोलतात.
सासूबाई गेल्यापासून
आमच्याशी त्या भाषेत बोलले नव्हते.

लाइनवर थोडा वेळ नुसती खरखर.
मी विचारलं, राणीच्या पाठीवर निळा ठिपका आहे का?
आहे, म्हणाले होते.
म्हणजे माझीच.
हवी असेल तर हजर राहा, त्या म्हणाल्या,
अकरा जून, सकाळी नऊ.
आणि पहिल्यांदाच हसल्या, किंवा खोकल्या.

त्या रात्री तिसऱ्या चौकोनात फुली मारली.
वाद नाही.
दोनशे पंधराचा चेक, सही,
आणि तळाशी, फॉर्मनं न विचारलेली एक ओळ:
सासऱ्यांना सांगा, ऑगस्टच्या आत
वर दुसरा खोका चढवा.
जागा कमी पडली की त्या निघून जातात.