नाकेदार

डंडीत समुद्रावरून धुकं येतं,
त्याला इथले लोक हार म्हणतात.
आपल्याकडे हार गळ्यात पडतो,
नाहीतर पदरी येते.

पुस्तक सहाशे बारा पानांचं.
मुखपृष्ठावर कंदील घेतलेला मुलगा
आणि धुक्याचं मांजर.
दिवसभर मी कौन्सिलात घरपट्टीचे आकडे जुळवायचो.
रात्री नऊला पांघरुणातून हुकूम यायचा:
वाच. मराठीत.
मी इंग्रजीवरून डोळे फिरवत मराठीत सांगायचो,
आणि पापण्या जड झाल्या की
तीन-तीन, चार-चार पानं एकदम उलटायचो.

गोष्टीला भगदाड पडायचं.
मुलगा आत्ता तर दरीत होता,
डोंगरापलीकडे पोचला कसा?
म्हणून मी एक नाका बसवला.
नाक्यावर म्हातारा, गळ्यात मफलर, कानावर पेन्सिल.
राक्षस येवो, राणी येवो, त्याचं एकच:
पावती आहे का?
पावती फाडली की पलीकडे.
दरी संपली, लढाई संपली,
मी दिवा मालवायला मोकळा.

केतकी हसून हसून लोळायची.
कधी मधेच विचारायची, त्याची आई कुठंय रे?
मी म्हणायचो, येतेय. रांग मोठी आहे.

शेजारच्या टेबलावरचा ऑलिस्टर,
वय त्रेपन्न, बायको नाही, गुडघे दुखरे,
डबा खाताना हेच पुस्तक वाचायचा.
मी एकदा चहा ढवळत म्हणालो,
पोरखेळ आहे सगळा.
तो चिडला नाही. बोट पानात ठेवून म्हणाला,
तू वाचलंयस?
रोज रात्री, मी म्हणालो.
मला ते खरंच वाटत होतं.

मग सिनेमा आला.
शनिवारी दुपारचा खेळ, पुढच्या रांगेत ऑलिस्टर,
एकटा, गळ्यात हातानं विणलेलं धुक्याचं मांजर.
मी मान खाली घातली. ओळख दाखवली नाही.

पडद्यावर पूल आला.
केतकी ताठ बसली, पॉपकॉर्न तोंडाशी थांबलं.
मुलगा पुलावर चढला
आणि सरळ चालत सुटला.
बाबा, नाका?
मी गप्प.
बाबा, नाका कुठंय?
मागून कुणीतरी शुक् केलं.

पुलाच्या मधोमध त्याची आई थांबली.
म्हणाली, इथून पुढे तू.
आणि तिचं धुकं होत गेलं, पायांपासून वर,
चेहरा सगळ्यात शेवटी.

हे मला माहीत नव्हतं.
वर्षभर माझ्या मुलीच्या डोक्यात ती बाई
पावतीच्या रांगेत उभी होती.

बाहेर लॉबीत ऑलिस्टर, डोळे लाल,
कुणाला तरी तावातावानं सांगत होता:
अकरा पानं आहेत पुलाची! अकरा!
यांनी दोन मिनिटांत उरकली.
केतकी तडक त्याच्यापुढे गेली.
आणि नाकेदार? नाकेदार तर काढूनच टाकला!
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
चार वेळा पुस्तक वाचलेला माणूस.
माझ्या कानांतून वाफ येत असावी.
दुखरा गुडघा सांभाळत तो वाकला, तिच्या उंचीला आला.
हो, म्हणाला. मलाही तेच खटकलं.

टेवरच्या पुलाचे टोलनाके
आम्ही इथे येण्याआधीच पाडले.
घरी जाताना हार इतका दाट
की पूल अर्ध्यावर संपल्यासारखा.
मागच्या सीटवर ती बोलली नाही.
मीही नाही.

आता रात्रीचा एक.
बाकी पुस्तकावर चहाचे डाग, बिस्किटाचा चुरा,
ही अकरा पानं मात्र कोरी करकरीत,
एकमेकांना चिकटलेली.
तिसऱ्या पानावर आई अजून चालते आहे,
मुलाच्या कंदिलाची काच पदरानं पुसते आहे.
सिनेमात हे नव्हतं.
मी पान उलटलेलं नाही.