डावीकडची जाळी

रोझविथाला नवा खुबा बसवलाय, टायटॅनियमचा.
तीन आठवडे ती डोंगरातल्या पुनर्वसन केंद्रात
काठी टेकत चालायला शिकते आहे,
आणि मी इथे हॅलेमध्ये, सकाळी साडेआठला,
सुपरमार्केटात बटाट्यांसमोर.

एक्केचाळीस वर्षं मी बटाटे फक्त उचलले.
गाडीपर्यंत, तळघरातल्या फळीपर्यंत,
मग लागतील तसे तिसऱ्या मजल्यावर.
निवडायची ती.

काल फोनवर म्हणाली,
"रविवारी सॅलड घेऊन ये.
इथलं जेवण म्हणजे
पाण्याला भाजीचं स्वप्न पडावं तसं.
काकडी बारीक चीर, मोहरी बेताची,
बटाटे सालासकट उकड, गरम असतानाच सोल.
आणि हिरवी पट्टी बघून घे. हिरवी.
नाहीतर लगदा होईल."

तीन ढीग आहेत.
एका ढिगातल्या जाळ्यांना निळी पट्टी, ती मला दिसते,
निळ्याशी माझं कधी वाकडं नव्हतं.
उरलेल्या दोन पट्ट्या
एकाच ओल्या पुठ्ठ्यातून कापल्यासारख्या.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
सैन्यभरतीच्या डॉक्टरला ठाऊक होतं;
त्याच्या ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा
मला काही सापडला नव्हता.
तो आता नसेलही.
पुढे नळ जोडण्यात जन्म गेला, तिथे रंग कोण विचारतो,
गरम पाणी हाताला कळतं.
चेरी पिकली की नाही ते मी चिमटीत धरून सांगायचो.
शेजारी म्हणायचे, वा, अनुभव म्हणतात तो हाच.

तर मी हातानेच बघू लागलो.
जाळीतून अंगठा घालून एकेक दाबला.
कातडी पातळ. कुठे माती वाळलेली.
एकाचा डोळा नुकताच फुगत होता,
अजून दोन दिवसांनी त्याला कोंब आला असता.
पण उकडल्यावर कोण घट्ट राहील
आणि कोण पिठूळ होऊन पडेल,
हे कच्च्या बटाट्याला कुठे माहीत असतं.

पट्टीवर अक्षरंही होती, पण चष्मा दुसऱ्या कोटात.
खोकी रिकामी करणारा योनास म्हणाला,
"आमच्या घरी अस्माराला एकच बटाटा असायचा.
त्याला नुसतं बटाटा म्हणायचो.
थांबा, वाचून सांगतो."
तेवढ्यात त्याला दुधाच्या फ्रीजकडून हाक आली
आणि तो गेला तो गेलाच.

एक बाई आल्या, न बघता निळी जाळी उचलली,
आपल्याच मुलाला शाळेच्या दारातून न्यावं तशी.

शेवटी फोन लावला.
म्हटलं, चष्मा विसरलोय.
थोडा वेळ काठीचा आवाज, दार लावल्याचा आवाज.
"डावीकडची पहिली," ती म्हणाली.
"नेहमी डावीकडेच असते."
"काल तर रंग सांगत होतीस."
"काल नर्स समोर होती.
नर्ससमोर का सांगायचं,
नवऱ्याला पडदे तपकिरी दिसतात म्हणून?"

ते पडदे आमच्या पहिल्या घरातले.
मी त्यांना तपकिरी म्हणालो होतो,
ती फक्त बरं म्हणाली होती,
आणि तेव्हापासून माझे मोजे
जोड्या बांधूनच खणात येत होते.
माझा समज, ती नीटनेटकी आहे.

डावीकडची जाळी घेतली.
त्या आठवड्यात त्यांनी ढीग हलवले होते, हे नंतर कळलं.
बटाटे कापताना कडा झिजल्या,
मोहरीत त्यांची साय झाली,
तरी डबा भरला, गाडी पकडली, दोनदा बदलली.

तिने एक घास घेतला.
खोलीतल्या पिट्सकर बाईंकडे डबा सरकवला.
मग उरलेलं सगळं स्वतः संपवलं,
काट्याने, मग चमच्याने.

जाळीची पट्टी मी कापून खिशात ठेवली होती.
काढून तिच्यासमोर धरली.
"ही कुठली?"
तिने ती लांब धरून पाहिली, मग जवळ.
चष्मा तिचाही कपाटात होता.
"बटाट्याची," म्हणाली.