सरकवलेला ठिपका

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर, एसी गळतो त्या कोपऱ्यात
मी गोव्याचा नकाशा उघडतो
तेव्हा त्यात देवळं नसतात, इगर्जी नसतात,
असतात ठिपके.
गोळ्या चालू असलेले निळे.
गोळ्या सुटलेले आधी लाल होते.
इनासिना म्हणाली, लाल नको रे,
लाल दिसलं की लोक बोट ठेवतात.
आता राखाडी.

प्रत्येक ठिपका मी खऱ्या घरापासून सरकवतो.
नियमच आहे तसा : पाचशे मीटरच्या आत, कुठल्याही दिशेला.
दिशा संगणक ठरवतो, फासा टाकल्यासारखी.
उद्या कुणी नकाशा पळवला
तरी कुणाच्या दारात जाऊन उभं राहता येऊ नये.
मग कुणी पडतं खाजनातल्या चिखलात, कुणी दफनभूमीत,
एक जण पंचायतीच्या छपरावर.
चोडणचा तीनशे सत्तेचाळीस पडला
थेट मांडवीत.
पाण्यात गेलेला ठिपका पुन्हा काठावर घ्यायचा असतो.
मी घेतला नाही.

बैठकीत साहेबांनी वर्तुळं मागितली.
काढली. प्रत्येक केंद्राभोवती एक, फिकट पिवळं.
तीनशे सत्तेचाळीस दोन वर्तुळांच्या आत,
आणि नोंद मात्र मडगावची. तीही दोन महिने कोरी.
"हाताशी केंद्र असताना?" साहेब म्हणाले,
"पत्ता चुकलाय. नाहीतर बाई चुकलीय."

इनासिनाने माझं पेन घेतलं.
एकोणीस वर्षं पायी फिरलेली बाई,
तिला उत्तर दिशा विचारा, सांगता येणार नाही.
चहाच्या बिलाच्या पाठीवर रेघ ओढली :
हे घर. हा धक्का. ही फेरी.
इथे केसपेपरच्या खिडकीत बसते ती तिच्या नणंदेची विहीण.
इथे रांगेशेजारी झाडू मारतो तो वाड्यावरच्या पोदेराचा भाऊ.
"आता तू सांग, जवळ म्हणजे किती?"

मडगावात तिला कुणी ओळखत नाही.
घरी सांगितलंय, शिलाईचं कापड आणायला जाते,
म्हणून महिन्याच्या त्या बुधवारी
कापड आणावंच लागतं.
दोन महिने कापडाला पैसे नव्हते.
म्हणून गोळ्या सुटल्या.
गोळ्या फुकट असतात, हे साहेबांनी दोनदा सांगितलं.

हे कुठल्या थरात भरू?
रस्त्यांचा थर आहे, बसथांब्यांचा आहे, भरती-ओहोटीचासुद्धा.
विहिणीचा नाही.
एक नवा रकाना केला, नाव ठेवलं 'ओळख',
आणि पंधरा दिवस संध्याकाळी इनासिनासमोर बसून
विचारत राहिलो : इथे कोण? आणि इथे?
नावं नाही लिहिली. फक्त किती जड, एक ते पाच.

तेव्हा वर्तुळं गोल राहिली नाहीत.
कुठे आत दबली, कुठे तुटली,
एक तर पार जुवारी ओलांडून मडगावपर्यंत ताणलं गेलं
तारेवर वाळत घातलेल्या ओल्या चादरीसारखं.
साहेब बराच वेळ बघत होते.
"दिसायला काही बरं नाही," म्हणाले,
आणि सही केली : तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम,
डबीत नको, डबी पिशवीत खुळखुळते.

परवा चोडणला चाललो होतो, काम दुसरंच.
फेरी मध्यावर आली आणि फोन बघितला, सवयीने :
आकडे ओळखीचे.
मी तिला ठेवलं होतं तिथेच उभा होतो,
मोटारसायकलींच्या धुरात, तळपायाखाली इंजिन थरथरत.

कठड्याला टेकून तीन बायका होत्या.
एकीच्या पिशवीतून कापडाचा काठ डोकावत होता, हिरवा.
चोडणात शिवणाऱ्या बायका पुष्कळ असतील.
मी पाण्याकडे पाहत राहिलो
फेरी धक्क्याला लागेपर्यंत,
आणि उतरताना सगळ्यांच्या मागे राहिलो.