विशेषण

मंगळवारी तिसऱ्या पानावर आम्ही छापलं:
"वार्धक्याकडे झुकलेल्या सेनेटर एदुविहेस ओयार्सून
बंदराच्या बैठकीला काठी टेकत आल्या."
बुधवारी दुपारपर्यंत एक्केचाळीस फोन.
मासळीबाजारातली एक बाई म्हणाली, लाज नाही वाटत?
स्वतःच्या आईला म्हणाल का असं?
एक निवृत्त कप्तान म्हणाला, चुकलं काय त्यात,
जहाजाला जुनं म्हटलं तर जहाज रडत बसत नाही.

संपादकांनी टेबलावर शब्द मांडले, दुकानदार चपला काढतो तसे:
ज्येष्ठ. बुजुर्ग. अनुभवी.
वयोवृद्ध, पण तडफदार.
त्या 'पण'कडे कुणी पाहिलं नाही.
मी मुद्रितं तपासतो, तेहतीस वर्षं झाली.
माझं काम शब्द काढायचं, घालायचं नाही,
म्हणून दिलगिरी घेऊन मलाच टेकडीवर पाठवलं.

वालपाराइसोत चढण चुकत नाही कुणाला.
तारेनं ओढला जाणारा लाकडी डबा करकरत वर जातो,
त्याच्या दारावर पितळी पाटी, बांधणीचं साल कोरलेलं,
रोज कुणीतरी घासूनपुसून लख्ख ठेवतं.
खाली ऑगस्टचं धुकं, क्रेनच्या फक्त माना दिसत होत्या.

पिवळ्या पत्र्याचं घर.
आतून एक कडी निघाली, मग दुसरी,
मग साखळी, बराच वेळ.
मी दिलगिरी काढायच्या आत तिनं पाव पुढे केला.

"म्हातारी लिहायचं होतं सरळ," ती म्हणाली.
"झुकलेल्या म्हणजे? मी कुणापुढे झुकले?
सत्तावन्न दिवस त्या क्रेनखाली बसले होते,
तेव्हा तुमच्याच पेपरनं लिहिलं, 'तरुण आणि उतावीळ'.
मधली वीसेक वर्षं काय ती मी नुसती ओयार्सून होते.
आणि आता ते 'अजूनही'.
अजूनही भाषण करतात, अजूनही जिने चढतात.
जणू भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं नाही
म्हणून तुम्ही रोज टाळ्या वाजवताय."

चहा ओतताना ती मला रोसामेल म्हणाली.
माझं नाव निबाल्दो.
पुन्हा रोसामेल. साखर किती, रोसामेल?
साखर तिनं आधीच विचारली होती.
रोसामेल तिचा सचिव. त्याला पुरून नऊ वर्षं झाली,
मृत्युलेखाचं मुद्रित मीच तपासलं होतं.
मी पावाचा तुकडा मोडत राहिलो.

"पाहिलंस ना?" ती म्हणाली.
बाहेर कुत्रं भुंकलं, थांबलं.
"काठी छापलीत. काठी माझ्या गुडघ्याची गोष्ट.
ही बंदराची गोष्ट आहे, गुरुवारी मी मत देणार आहे.
पण ही छापायला तुमच्यात कुणी धजणार नाही.
ज्येष्ठ म्हणाल, खुर्ची पुढे सरकवाल, गप्प बसाल."
मग तिनं विधेयक उघडलं.
प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा,
समासात तारखा, नावं, कोण काय म्हणालं ते.
"आठवत नाही ते लिहून ठेवते. सगळं तीनदा वाचते.
कलम चौदा बघ. कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

उतरताना मी डबा घेतला नाही, पायऱ्यांनी आलो.
दोनदा कठडा धरावा लागला.
मला एकसष्टावं लागलंय, कुणी विचारलं नाही.

रात्री लिहिलं:
"सेनेटर ओयार्सून त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत.
काल त्यांनी आमच्या प्रतिनिधीला
तीनदा एका दिवंगत माणसाच्या नावानं हाक मारली
आणि कलम चौदातली चूक दाखवली."

संपादकांनी दोनदा वाचलं.
हे छापायचं?
बाईच म्हणाल्या, छापा.
त्यांनी चष्मा पुसला, लाल पेन्सिल घेतली,
आणि सेनेटरच्या आधी 'ज्येष्ठ' घातलं.
मी काढलं.
त्यांनी परत घातलं.
यंत्र साडेअकराला सुरू होतं.