सव्वाचार मीटर तार

तुर्भ्याच्या यार्डात, सिमेंटच्या वाघिणींच्या पलीकडे,
पाच डबे उभे होते, ताडपत्री पांघरून.
किणीकर म्हणाले, मढवी मिस्त्री,
बत्त्या आणि घंट्या तुमच्याकडे.
दिवाळीनंतरच्या रविवारी गाडी सोडायची आहे:
तुर्भे, पनवेल, तळोजा, दिवा, ठाणे.
माणशी अकरा हजार, जेवण धरून.

मी कळव्याच्या कारशेडला छत्तीस वर्षं काढली.
पंचवीस हजार व्होल्टच्या खाली उभं राहून चहा प्यायलो.
आणि इथे हा चोवीस व्होल्टचा दिवा,
पितळी कमळात बसलेला, लाडावलेला,
जरा हात लागला की रुसतो.

राबोडीचा इद्रिस सागवानाला लाख पाजत होता,
मलमलीच्या बोळ्याने, गोल गोल,
तान्ह्या बाळाची टाळू भरावी तसा.
कोपरीच्या हरदेवीबाई पडद्यांना झालर लावत होत्या.
मखमल खोटी आहे, म्हणाल्या, पण असू दे,
लांबून कुणाला कळतंय.

संस्थानिकाच्या डब्यात सगळं होतं.
वाघाच्या पंजांवर उभा न्हाणीतला टब,
मागे सज्जा, मागे पडणारा मुलूख बघायला,
आणि भिंतीभिंतीवर हस्तिदंती बटण,
लोळत पडलेल्याचंही बोट पोचेल अशा उंचीवर.
दाबलं की तार धावत जाते शेवटच्या खोलीत.
सहा फूट लांब, साडेतीन रुंद. चाकराची.
तिथे काळ्या काचेची पाटी, सोनेरी इंग्रजी अक्षरं:
बैठक. निजायची खोली. न्हाणी. सज्जा.
घंटा वाजते, लाल टिकली पडते,
आणि माणूस उठतो.

इथे सागवान नाही. फळ्या देवदाराच्या.
बाकाच्या वर, भिंतीवर, एक काळपट गोल.
इद्रिसने तीन हात दिले,
तिन्ही वेळा तो गोल वर आला.
"तेल आहे मिस्त्री, डोक्याचं. लाकूड प्यायलंय.
हे नाही जायचं."
किती डोकी टेकली असतील,
दोन घंटांच्या मधे.

त्या संध्याकाळी मी एक तार जास्त ओढली. उलटी.
बटण इथे, बाकाखाली.
घंटा तिकडे, बैठकीत, झुंबरामागे.
का, ते विचारू नका.
कारशेडला असतो तर चार्जशीट मिळाली असती.

रविवारी किणीकरांनी मला लाल फितीची टोपी दिली.
मी ती मांडीवर ठेवली.
तळोज्यापर्यंत टिकल्या पडत राहिल्या:
सज्जा, सज्जा, बैठक, न्हाणी, परत सज्जा.
गंमत म्हणून.
पांढरे हातमोजे घातलेली केटरिंगची पोरं धावत होती.
मी डोकं टेकलं. तो डाग माझ्या मानेशी आला.
इथे बसायचा तो माझ्याहून बुटका,
नाहीतर बाक तेव्हा खचलेला.

पारसिकचा बोगदा लागला आणि दिवे गेले.
डायनामोचा पट्टा सरकला, हे मला आवाजावरून कळलं.
उठायला हवं होतं.
मी बटण दाबलं.

पलीकडे घंटा वाजली. हशा झाला, मग थांबला.
बोळातून सपातांचा आवाज आला,
दार ढकलून सात-आठ वर्षांची मुलगी,
हातात आईच्या मोबाईलचा उजेड:
"आजोबा, तुम्ही बोलावलंत? काय हवंय?"

या खोलीत हे कुणी विचारलं नसावं.
मलाही पटकन आठवेना.
पाणी, म्हटलं.
ती गेली, आणि आली,
नक्षीचा जड पेला दोन्ही हातांत,
अर्धा फ्रॉकवर सांडलेला,
बोळात कळव्याचा उजेड शिरायच्या आत.

मंगळवारी बिल दिलं.
किणीकर नाकावर चष्मा ओढून म्हणाले,
मढवी, सव्वाचार मीटर तार जास्त दिसते,
कुठे गेली?
आहे, म्हटलं. भिंतीत आहे.