तीन पूर्णांक आठ

टँकरचं झाकण उघडायच्या आधीच
नाकाला कळतं.
तरी मी बाटली भरून घेते,
चिकटपट्टीवर तारीख, गाडी नंबर,
आणि खाली सही: वि. ढाकणे.

बंद भांड्यात चिमूटभर जाळायचं.
मग पाणी, मग बेरियम क्लोराइडचे थेंब,
आणि इतका वेळ काळ्यात काळं होऊन बसलेलं
पांढरं होऊन खाली उतरतं.
गाळायचं, भाजायचं, तोलायचं.
तीन पूर्णांक आठ.

मुन्तजीबचाचांनी हा आकडा
माझ्याआधीच वाचलेला असतो:
भट्टीवरच्या पत्र्यात, जिथून भर दुपारी चांदण्या दिसतात,
तारेवर वाळणाऱ्या बनियनमध्ये,
चिमणीच्या आतल्या अंगाला,
जिथं धूर गार होऊन घामासारखा पाझरतो.
"आपण लोखंड बनवायचं, बेटा,
अन् ह्येनं ते खायचं."
मग खोकले.

शेठ म्हणाले, कमी गंधकाचं तेल
लिटरमागं सात रुपयांनी महाग.
मी कागद मांडला:
पत्रे दर दोन वर्षांनी, चिमणी चौथ्या वर्षी, नळ्या तर विचारूच नका.
बनियन मांडलं नाही. खोकला मांडला नाही.
तरी हिशेब जुळत होता, जवळजवळ.
त्या 'जवळजवळ'वर ते
बराच वेळ बोट ठेवून बसले.

पोळ्यानंतरच्या गुरुवारी नवा टँकर आला.
थेंब पडले, पाणी नुसतं धुरकटलं,
दुधाचा पेला विसळल्यावर होतं तेवढंच.
शून्य पूर्णांक नऊ.
विश्वास बसेना, पुन्हा जाळलं.
चाचा दारात येऊन हुंगत उभे.
"काहीतरी विसरल्यासारखं वाटायलंय," म्हणाले.
"अन् टाकी धुतली न्हाई कुणी.
तळाला वीतभर जुनंच हाय."

"मग उरलेलं गंधक कुठं गेलं?"
ते मला सांगता आलं नाही.
रविवारी बदनापूरला, आमच्या मोसंबीत,
भाऊ कोळ्याच्या औषधाचं पोतं फोडत होता.
पिवळी धमक भुकटी.
तेलातून काढतात तेच असतं म्हणे यात.
मी मूठभर हातात घेतलं.
ना जळजळ, ना ठसका.
बोटं मात्र सोमवारपर्यंत पिवळी राहिली.

चाचांना दाखवली.
ते हसले, खोकले, परत हसले.
"म्हंजे झाडाला औषध," म्हणाले,
"अन् माणसाला..."
तेवढ्यात भट्टीचा भोंगा झाला.
मी नवी बाटली घेतली,
तारीख लिहिली.
टाकी धुवायचा अर्ज
अजून शेठच्या टेबलावर आहे.